दोन देशांत वाद पेटलेला असताना त्यांची बंदरे असलेली क्रूझ ठरवावी का?

सागरवाट यांचा प्रश्न

नमस्कार. पुढच्या वर्षी माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने घरातल्या सात जणांनी बारा रात्रींच्या क्रूझवर जावे, असे आमचे जवळजवळ ठरले आहे. सगळ्यांना आवडलेल्या मार्गावर आठ बंदरे आहेत. त्यांपैकी दोन बंदरे ज्या दोन देशांची आहेत, त्यांचे संबंध गेल्या काही महिन्यांत फार ताणले गेले आहेत. राजदूतांना परत बोलावून झाले, एकमेकांच्या मालावर जादा कर लावून झाले आणि आता सागरी हद्दीवरून रोज नवे निवेदन प्रसिद्ध होत आहे. देशांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ती लिहिली की कोण बरोबर आणि कोण चूक याकडे चर्चा वळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

या काळजीला एक जुना अनुभव कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका सफरीवर होतो. माझे वडील इतिहासाचे शिक्षक होते आणि मार्गातल्या एका जुन्या शहराविषयी त्यांनी आयुष्यभर वाचले आणि शिकवले होते. खरे तर त्या एका शहरासाठीच आम्ही ती सफर निवडली होती. तिसऱ्या रात्री केबिनच्या दाराखालून एक पत्र आत सरकवलेले दिसले. सध्याच्या परिस्थितीमुळे ते बंदर वगळण्यात आले असून तो दिवस समुद्रातच जाईल, एवढेच त्यात लिहिले होते. परिस्थिती म्हणजे नेमके काय, हे जहाजावरच्या स्वागतकक्षातही कोणाला सांगता आले नाही. बंदरशुल्क म्हणून माणशी एक किरकोळ रक्कम परत मिळाली. वडील एका शब्दानेही तक्रार करत नव्हते, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून जाणकारांना विचारतो. दोन सरकारांमधले भांडण जहाजाच्या मार्गापर्यंत नेमके कसे पोहोचते, आणि ते आधी ओळखता येते का? आठांपैकी दोन बंदरे गळण्याची शक्यता धरून डिपॉझिट भरणे शहाणपणाचे आहे का? आणि तिसरा प्रश्न माझ्या बहिणीचा आहे: वाद चालू असताना त्यांपैकी एका देशात पर्यटक म्हणून उतरणे म्हणजे त्याची बाजू घेणे होते का?

धक्क्यावरून यांचे उत्तर

मी बरीच वर्षे एका बंदरात जहाजांच्या एजंटाकडे काम केले. जहाज येण्याआधी धक्का राखून ठेवणे, जहाजाला बंदरात आणणारा पायलट आणि त्याला ओढणाऱ्या टगबोटी यांची वेळ ठरवणे, प्रवाशांची यादी इमिग्रेशनकडे पोहोचवणे, पाणी, इंधन आणि कचऱ्याची व्यवस्था पाहणे, हे आमचे काम होते. तुम्हाला मिळालेल्या पत्रातला ‘परिस्थिती’ हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला आहे. त्या एका शब्दाखाली निरनिराळी कारणे झाकलेली असतात, आणि कारण कोणते आहे यावरच ते आधी ओळखता येईल की नाही हे अवलंबून असते.

सर्वांत आधी ओळखता येते ते कायद्याचे कारण. जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे आणि ते आधी कोणत्या बंदराला लागले होते, हे दोन प्रश्न प्रत्येक बंदर विचारते. सायप्रसचा ध्वज असलेल्या जहाजांना तुर्कस्तानने १९८७ पासून आपली बंदरे बंद केली आहेत, आणि १९९७ मध्ये हा निर्बंध आणखी वाढवला. ही गोष्ट इतकी जुनी आहे की मार्ग आखणारे ती गृहीतच धरतात आणि प्रवाशाला तिचा पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये मात्र अर्जेंटिनातल्या उशुआइया बंदराने ‘स्टार प्रिन्सेस’ आणि ‘अडोनिया’ या दोन क्रूझ जहाजांना ऐनवेळी प्रवेश नाकारला. दोन्ही जहाजे बर्म्युडा या ब्रिटिश प्रदेशात नोंदलेली होती आणि फॉकलंड बेटांना भेट देऊन आली होती. ज्या बेटांसाठी १९८२ मध्ये अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात युद्ध झाले, त्यांच्या वादाची झळ तीस वर्षांनी सुट्टीवर निघालेल्या हजारो माणसांना अशी लागली.

मागच्या बंदराची अट किती कडक होऊ शकते, हे २०१७ मध्ये आखातात दिसले. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. अमिरातीच्या बंदरांनी कतारच्या जहाजांबरोबरच कतारहून येणारी किंवा कतारकडे निघालेली इतर देशांची जहाजेही नाकारली. हिवाळ्यात दुबई आणि अबुधाबीहून निघणाऱ्या क्रूझच्या मार्गावर तोपर्यंत दोहा हे सोयीचे बंदर होते. या अटीनंतर एकाच सफरीत दुबई आणि दोहा बसवणे अशक्य झाले, आणि कंपन्यांनी दोहा सोडले, कारण जहाजांचा हंगामी तळ अमिरातीत होता. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातल्या अल उला येथे समेट होईपर्यंत हेच चालले. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ज्या बंदरातून सफर सुरू होते आणि जिथे ती संपते, त्या देशाला कंपनी सहसा दुखवत नाही. दोन देशांपैकी एक सोडायची वेळ आली तर मधला सुटतो. तेव्हा तुमची ती दोन बंदरे मार्गाच्या मध्यावर आहेत की टोकाला, हे आधी पाहा.

दुसरे कारण गिऱ्हाइकांच्या देशाचे असते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण पूर्व आशियात आहे. शांघायहून चार-पाच रात्रींची सफर काढली तर जहाजाच्या आवाक्यात दोनच देश येतात, दक्षिण कोरिया आणि जपान. रात्रभर अठरा-वीस नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, वेगाने चालून जहाज दोनशे-सव्वादोनशे सागरी मैल कापते, त्यामुळे एवढ्या दिवसांत याहून दूर जाऊन परतणे जमत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये सेन्काकू बेटांवरून चीन आणि जपान यांच्यात वाद पेटला, तेव्हा चीनमधून निघणारी जहाजे जपान सोडून कोरियाला जाऊ लागली. पुढे दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायला सुरुवात केली. मार्च २०१७ मध्ये चीनने कोरियाला जाणाऱ्या पर्यटक-गटांवर बंदी घातली आणि तीच जहाजे उलट्या दिशेने जपानच्या क्युशू बेटाकडे वळली. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर २०१६ मध्ये क्रूझने सुमारे बारा लाख प्रवासी आले होते. पुढच्या वर्षी ती संख्या दोन लाखांच्याही खाली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये बंदी उठली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चीनहून आलेले जहाज पुन्हा जेजूला लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तैवानच्या प्रश्नावरून चीन आणि जपान यांचे पुन्हा बिनसले, चीनने आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला आणि लंबक पुन्हा कोरियाकडे झुकला. या सगळ्या काळात नागासाकी आणि जेजू ही दोन्ही बंदरे पर्यटकांसाठी पूर्ण सुरक्षित होती. धक्के तेच होते, पाण्याची खोली तीच होती. बदलली होती ती फक्त जहाज भरणाऱ्या प्रवाशांच्या सरकारची इच्छा. म्हणून तुमच्या जहाजावरचे बहुसंख्य प्रवासी कोणत्या देशाचे असतील, याची चौकशी करा. ते वादातल्या दोन देशांपैकीच एका देशाचे असतील, तर धोका पुष्कळ वाढतो.

निर्बंधांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कंपनीला निवडच उरत नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या सदस्य देशांची जहाजे रशियाने त्याच वर्षी युक्रेनकडून घेतलेल्या क्रायमियाच्या बंदरांना लागण्यास मनाई केली. आधीच झालेल्या करारांसाठी २० मार्च २०१५ पर्यंत मुदत होती, त्यानंतर आणीबाणीचा अपवाद सोडून याल्टा आणि सेवास्तोपोल त्या जहाजांसाठी मिटले. क्यूबाच्या बाबतीत एवढीही मुदत मिळाली नाही. अमेरिकी सरकारने ४ जून २०१९ रोजी घोषणा केली आणि दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेहून क्रूझने क्यूबाला जाणे बंद झाले. काही जहाजे तेव्हा समुद्रात होती. उद्योगाच्या संघटनेने त्या वेळी दिलेला अंदाज असा होता की जवळजवळ आठ लाख प्रवाशांच्या बुकिंगवर त्याचा परिणाम झाला. कंपन्यांचे दुखणे तिथेच थांबले नाही. १९६० मध्ये क्यूबाने ताब्यात घेतलेल्या हवानाच्या धक्क्यांवर पूर्वी ज्या अमेरिकी कंपनीचा हक्क होता, तिने चार क्रूझ कंपन्यांवर दावा लावला. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला सुमारे अकरा कोटी डॉलर भरायला सांगितले, ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या बंदरांना सरकारनेच परवानगी दिली होती, तिथे जहाज नेल्याबद्दल ही वेळ आली. त्यानंतर मार्ग आखणारी माणसे वादग्रस्त बंदराला हात घालताना दहा वेळा विचार करत असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

प्रत्यक्ष हल्ल्यांची भीती असेल तर विमा कंपन्या निर्णय घेतात. युद्धजोखमीचे संरक्षण त्या थोड्या दिवसांची सूचना देऊन मागे घेऊ शकतात किंवा त्याचा दर वाढवू शकतात, आणि विम्याशिवाय कोणतेही जहाज हलत नाही. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर जगप्रदक्षिणेच्या सफरी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, त्या याच हिशेबाने.

आता पर्यायी बंदराविषयी. प्रवाशांना वाटते की एक बंदर गेले तर शेजारचे दुसरे घ्यावे. परंतु क्रूझचे धक्के दीड-दोन वर्षे आधी राखलेले असतात. शेजारच्या बंदरात त्या दिवशी जागा हवी, तीनशे मीटर लांबीचे जहाज मावायला हवे आणि तीन हजार माणसे उतरवून घेण्याची सोय हवी. शिवाय मूळ आकर्षण गेले की आजूबाजूची बंदरेही फिकी पडतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य कंपन्यांनी सेंट पीटर्सबर्ग सोडले. बाल्टिक सफरीचे ते हृदय होते. क्रूझने आलेल्या आणि परवानाधारक संस्थेबरोबर फिरणाऱ्या प्रवाशांना तिथे ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे, म्हणून पुष्कळ जहाजे तिथे रात्रीचा मुक्काम करत. ते गळल्यावर टॅलिन आणि हेलसिंकी या बंदरांची जहाजेही घटली, कारण पूर्वेपर्यंत जाण्याचे कारणच संपले होते. त्या दोन शहरांचा या भांडणात काय दोष होता?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडे कठोर आहे. ती दोन बंदरे कागदावरून खोडा आणि उरलेल्या सहांसाठी तेवढेच पैसे आनंदाने द्याल का, हे घरी विचारा. उत्तर होय असेल तर बुकिंग करा. आणि वडिलांना ते जुने शहर अजून पाहायचे असेल, तर जहाजाने जाऊच नका. विमानाने जा, चार दिवस राहा. जहाजावर कोणत्याही बंदराची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

होकायंत्र यांचे उत्तर

वरचे उत्तर वाचून पुष्कळ शिकलो. मी केवळ प्रवासी आहे, पण दोनदा मार्ग बदललेल्या सफरीवर होतो, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो.

तिकिटाबरोबर जो करार येतो, तो कृपया पूर्ण वाचा. बहुतेक करारांत कंपनी कोणतेही बंदर वगळू शकते किंवा बदलू शकते आणि त्याबद्दल भरपाईला बांधलेली नसते, असे स्पष्ट लिहिलेले असते. न घेतलेल्या बंदराचे शुल्क आणि कर तेवढे परत मिळतात. जहाजाकडून घेतलेली किनाऱ्यावरची सहल रद्द झाली तर तिचे पैसे परत येतात. तुम्ही स्वतः स्थानिक वाटाड्याशी ठरवली असेल तर ते त्याच्या अटींवर अवलंबून राहते. अशा बंदरात मी स्वतंत्र सहल ठरवतो ती आगाऊ पैसे न मागणाऱ्याकडेच.

मात्र तिकीट कोणत्या देशाच्या कायद्याखाली विकले गेले, याने बराच फरक पडतो. युरोपीय संघात पॅकेज प्रवासाविषयी २०१५ चा निर्देश लागू आहे. सफर सुरू होण्याआधी तिच्या मुख्य स्वरूपात मोठा बदल करावा लागला, तर प्रवाशाला दंड न भरता करार मोडून पैसे परत घेण्याचा हक्क त्यात आहे. एक बंदर बदलणे हा मोठा बदल ठरेल की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण सफरीची जाहिरातच त्या बंदराच्या नावाने केलेली असेल, तर प्रवाशाची बाजू भक्कम होते. जाहिरातीचे पान म्हणून मी बुकिंगच्या दिवशीच जपून ठेवतो.

प्रवासविम्याबद्दल एक चूक मी स्वतः केली आहे. वाद वर्तमानपत्रांत गाजू लागल्यानंतर मी विमा घेतला आणि तो माझ्या उपयोगी पडला नाही, कारण आधीच माहीत असलेल्या घटनेवर विमा मिळत नाही. युद्ध आणि त्यासारख्या कारणांना बहुतेक विम्यांत वगळलेलेच असते. आपल्या परराष्ट्र खात्याने एखाद्या ठिकाणी न जाण्याची सूचना दिली असताना आपण गेलो, तर वैद्यकीय संरक्षणही धोक्यात येऊ शकते, आणि तुमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेली माणसे असल्याने हे फार महत्त्वाचे आहे. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची मुभा देणारा विमा काही देशांत मिळतो. तो महाग असतो, पहिला हप्ता भरल्यापासून थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो आणि त्यातून पूर्ण रक्कम परत येत नाही. तरीही सात माणसांसाठी त्याचा विचार करावा.

सर्वांत कमी बोलला जाणारा विषय व्हिसाचा आहे. मार्ग बदलला की व्हिसाची गरजही बदलते. ज्यांच्या पासपोर्टला फार थोडे देश व्हिसाशिवाय प्रवेश देतात, त्यांना पर्यायी बंदर मिळूनही जहाजावरच बसून राहावे लागते. माझ्या बाबतीत एकदा हेच घडले. भोवतीचे सगळे प्रवासी उतरत होते आणि आम्ही चौघे कठड्याशी उभे होतो. शेंगेन क्षेत्रातली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली, बंदरे आणि त्याबाहेरची बंदरे आलटून पालटून येत असतील, उदाहरणार्थ ग्रीस, मग तुर्कस्तान, मग पुन्हा ग्रीस, तर अनेक वेळा प्रवेश देणाराच व्हिसा हवा. शिवाय एका देशाच्या भेटीची किंमत दुसऱ्या देशाच्या दारात मोजावी लागते. लेबनॉन इस्राएलभेटीचा पुरावा असलेल्या पासपोर्टला प्रवेश देत नाही. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसामाफी आहे, त्यांच्यापैकी कोणी १२ जानेवारी २०२१ किंवा त्यानंतर क्यूबात गेले असेल, तर ती माफी त्यांना मिळत नाही आणि रीतसर व्हिसा काढावा लागतो. युरोपातून निघालेल्या जहाजावरून हवानात एक दुपार घालवणाऱ्या कित्येकांना हे नंतर कळले असेल.

किनारा यांचे उत्तर

बहिणीच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एखाद्या देशात उतरणे म्हणजे त्याच्या सरकारच्या धोरणाला पाठिंबा देणे, असे मी मानत नाही. पण उतरण्याला काहीच अर्थ नसतो, असेही मला म्हणता येत नाही, कारण किनाऱ्यावरची माणसे त्यात अर्थ पाहतात. जुलै २०२३ मध्ये ‘अस्तोरिया ग्रांदे’ हे जहाज रशियन प्रवाशांना घेऊन जॉर्जियातल्या बातुमी बंदरात आले. रशियाबरोबरच्या २००८ च्या युद्धाची जखम तिथे भरलेली नाही. त्यात काही प्रवाशांनी त्या युद्धाविषयी केलेली विधाने पसरली आणि निदर्शने झाली. काही दिवसांनी ते जहाज पुन्हा आले तेव्हा नियोजित वेळेआधीच त्याला निघावे लागले. जुलै २०२५ मध्ये ग्रीसच्या सिरोस बेटावर इस्राएलहून आलेल्या ‘क्राउन आयरिस’ जहाजासमोर गाझातील युद्धाच्या निषेधार्थ तीनशेहून अधिक लोक जमले. जहाजावर सुमारे सोळाशे प्रवासी होते. ते उतरले नाहीत आणि जहाज सायप्रसकडे निघून गेले. याच्या नेमके उलट जेजूला मार्च २०१७ मध्ये घडले. ‘कोस्टा सेरेना’वरचे सुमारे ३,४०० चिनी प्रवासी बंदरात पोहोचूनही उतरलेच नाहीत, आणि वाट पाहणाऱ्या बसगाड्या आणि वाटाडे रिकाम्या हातांनी परत गेले.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. विमानाने एकटा आलेला प्रवासी फक्त एक माणूस असतो. जहाजाने एकदम आलेली दोन-तीन हजार माणसे मात्र एका राष्ट्राची मिरवणूक वाटू लागतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाचे मत वेगळे असले तरी धक्क्यावरून ते दिसत नाही.

तरीही सरसकट बहिष्काराच्या मी विरुद्ध आहे. मे २०१६ मध्ये अमेरिकेहून ‘अडोनिया’ हवानाला लागले, तेव्हा कित्येक दशकांत असे जहाज तिथे आले नव्हते. क्यूबात जन्मलेल्यांना समुद्रमार्गे प्रवेश न देण्याचा क्यूबाचा जुना नियम त्या सफरीच्या आड येत होता. मायामीत त्यावरून निदर्शने झाली, न्यायालयात दावा गेला, आणि अखेर क्यूबाच्या सरकारने तो नियम सोडला. एका प्रवासी जहाजामुळे ज्यांना समुद्रमार्गे आपल्या जन्मभूमीत जाणे शक्य झाले, त्यांचा विचार केला की, तिकडे जाऊच नये, असे सांगताना माझी जीभ अडखळते. आणि २०१९ मध्ये जहाजे बंद झाली तेव्हा नुकसान कोणाचे झाले? जुन्या मोटारींतून पर्यटकांना फिरवणाऱ्यांचे, घरगुती खाणावळी चालवणाऱ्यांचे, रस्त्याकडेला चित्रे विकणाऱ्यांचे.

बहिणीने स्वतःला विचारावे की आपण भीतीमुळे टाळतो आहोत, की कोणी सांगितले म्हणून, की आपल्याला मनापासून ते चुकीचे वाटते म्हणून. २०२५ मध्ये आयातकराच्या वादानंतर असंख्य कॅनडावासीयांनी अमेरिकेला जाणे थांबवले. त्यांना कोणी बंदी केली नव्हती. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, म्हणून मला त्याचा आदर वाटतो, मग मी त्यांच्या जागी तसे केले असते की नाही हा प्रश्न वेगळा. आपल्या सात जणांत याबद्दल एकमत नसेल तर त्या दिवशी काहींनी उतरावे आणि काहींनी जहाजावर राहावे. एका कुटुंबाने एकच भूमिका घेतली पाहिजे असे कुठे आहे?

ध्रुव यांचे उत्तर

किनारा यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण एका ठिकाणी थांबावेसे वाटते. प्रत्येक बंदर सारखे नसते. दोन देशांत भांडण असणे वेगळे, आणि ज्या भूमीवर आपण उतरणार तिच्याच मालकीबद्दल भांडण असणे वेगळे.

एप्रिल २०१३ मध्ये चीनने हैनानहून पॅरासेल बेटांकडे क्रूझ सुरू केली. ती बेटे चीनच्या ताब्यात आहेत, पण त्यांच्यावर व्हिएतनाम आणि तैवान यांचाही दावा आहे. त्या सफरीवर फक्त चिनी नागरिकांना प्रवेश होता आणि व्हिएतनामने त्याचा निषेध केला. तिथे प्रवाशांची उपस्थितीच हक्काचा पुरावा म्हणून वापरली जाते; जहाजाचा मार्ग हेच सरकारचे निवेदन असते. सायप्रसच्या, तुर्कस्तानच्या सैन्याने १९७४ मध्ये ताब्यात घेतलेल्या, उत्तर भागातली फामागुस्ता आणि किरेनिया ही बंदरे सायप्रस प्रजासत्ताकाने १९७४ पासून बंद जाहीर केली आहेत, आणि तिथे जहाजाने उतरणे त्या प्रजासत्ताकाच्या दृष्टीने बेकायदेशीर प्रवेश आहे. अशा ठिकाणी मी फक्त पर्यटक आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपण मागे ठेवलेली छायाचित्रे आणि नोंदी कोणाच्या तरी दाव्यात मोजल्या जातात.

तेव्हा ती दोन बंदरे त्या दोन देशांची निर्विवाद बंदरे आहेत ना, एवढे बहिणीने पाहावे. तसे असेल तर उतरण्यात मला काही गैर दिसत नाही.

सागरवाट यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही सातही जण नकाशा उघडून बसलो आणि धक्क्यावरून यांनी सांगितले तसे दोन नावांवर रेघ मारून पाहिली. आई म्हणाली की तिला उरलेली सहाही बंदरे पुरेशी आहेत, तिला सगळ्यांबरोबर बारा दिवस हवे आहेत. वडिलांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारले की ते जुने शहर विमानाने खरेच चार दिवसांत पाहून होईल का. ती सफर आता वेगळी ठरते आहे, मी आणि ते दोघेच.

दोन्ही बंदरे निर्विवाद आहेत आणि मार्गाच्या मध्यावर आहेत. बहीण त्यांपैकी एका ठिकाणी उतरणार नाही म्हणते. तिची कारणे तिने सांगितली आणि कोणी वाद घातला नाही. आता एकच शंका उरली आहे. दोनपैकी फक्त एक बंदर गळले तर दुसरे टिकते का, की एक गेले की दोन्ही जातात?

धक्क्यावरून यांचे उत्तर

हे कतारसारखी मागच्या बंदराची अट लागू होते की नाही यावर ठरेल. अशी अट नसेल तर दुसरे बंदर टिकते, आणि पुष्कळदा गळलेल्या बंदराचा वेळही त्यालाच मिळतो. सकाळी सातला लागून संध्याकाळी पाचला निघणारे जहाज मग रात्री अकरापर्यंत थांबते किंवा तिथेच मुक्काम करते, कारण नवे बंदर शोधण्यापेक्षा राखलेल्या धक्क्यावरचा वेळ वाढवून घेणे एजंटाला सोपे जाते. अट असेल तर मात्र कंपनी दोघांपैकी एक निवडते, आणि ज्या देशात तिची इतर जहाजेही वर्षभर जात असतात तो देश राखते.

हे पाहण्याची सोपी रीत आहे. त्याच कंपनीची, त्याच भागातली, तुमच्या आधीच्या तीन महिन्यांतली वेळापत्रके काढा. बंदरे आपापल्या संकेतस्थळांवर येणाऱ्या क्रूझ जहाजांची यादी प्रसिद्ध करतात. कंपनीने पत्र पाठवण्याआधीच कधी कधी त्या यादीतून जहाजाचे नाव नाहीसे झालेले असते. पूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख बहुधा निघण्याच्या तीनेक महिने आधी येते आणि तोपर्यंत रद्द केल्यास फार तर डिपॉझिट जाते. त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात दोन्ही बंदरांच्या याद्या एकदा पाहा, आणि काही न समजल्यास इथे लिहा, मी उत्तर देईन. वडिलांच्या त्या शहराचे नाव कळवलेत तर तिथल्या धक्क्यापासून जुन्या पेठेपर्यंत कसे जायचे तेही सांगतो. मी तिथे दोन वर्षे होतो, असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते आहे.